पेन्शनचा तंटा : जिल्ह्यात की दिल्लीत?



या पानावर माझ्याकडून सुरू लागण, बेणेप्रक्रिया किंवा खोडव्याची निगा यांबद्दल काही वाचायला मिळावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. यंदा मात्र विषय वेगळा घेतो आहे. शेतकी विभागाकडे दर हंगामाला स्लिप बॉय, केनयार्डातले मदतनीस, वजनकाट्यावरचे कारकून अशी माणसे येतात. पट्टा पडला की घरी जातात, मोळी पडली की परत येतात. त्यांच्यातली बरीचशी आपल्याच सभासदांची मुलं, भाऊ, पुतणे. आता ही मंडळी अठ्ठावन्न वर्षांची होऊ लागली आहेत आणि विचारतात, "साहेब, आमची पेन्शन किती बसते? आणि कमी बसली तर भांडायचं कुठं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन देता येते. दुसरा प्रश्न अवघड आहे आणि हा लेख त्यावरच आहे.

आधी हिशोब. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ही १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. मालकाच्या हिश्श्यातला ८.३३ टक्के भाग पेन्शन फंडात जातो, केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे, की महिन्याची पेन्शन निघते. सेवा वीस वर्षे किंवा त्याहून जास्त असेल तर दोन वर्षे जादा धरतात. सेवा दहा वर्षांच्या आत असेल तर पेन्शनच नाही, एकदाच काय ती रक्कम हातात पडते आणि विषय संपतो.

आता आपल्या हंगामी माणसाचे बघा. समजा त्याने चोवीस हंगाम केले आणि आपल्याकडचा हंगाम सरासरी चार महिन्यांचा. महिने मोजले तर शहाण्णव, म्हणजे आठ वर्षे. आठ वर्षे म्हणजे पेन्शन नाही! पण योजनेत स्पष्ट लिहिले आहे की हंगामी कामगाराची वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरायचे. मग चोवीस हंगाम म्हणजे चोवीस वर्षे, वर दोन जादा, एकूण सव्वीस. १५,००० रुपये पगारावर हिशोब केला तर महिन्याला ५,५७१ रुपये. (सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयांची जुनी मर्यादा लागते. तो बारकावा सोपेपणासाठी येथे सोडला आहे. तो धरला तर आकडा खाली येईल, पण शून्य होणार नाही.)

शून्य आणि पाच हजार यांच्यामध्ये उभा आहे तो एक शब्द : 'हंगामी'. कारखान्याकडून जाणाऱ्या कागदावर हा शब्द असला पाहिजे. नसेल तर बिगर हंगामातले महिने विनावर्गणीचे म्हणून दिसतात आणि हिशोब करणारा, मग तो माणूस असो की यंत्र, समोरच्या नोंदीप्रमाणेच करणार. त्यातच रिटेन्शन अलाऊन्सची गोष्ट आहे. बंद काळात कामगाराला टिकवून ठेवण्यासाठी जो भत्ता देतात त्यावरही भविष्य निर्वाह निधी कापावा लागतो, असे १९५२ च्या कायद्यातच म्हटले होते. मूळ पगार, महागाई भत्ता आणि हा भत्ता, तिन्ही धरून. अनेकांना हे ठाऊक नसते.

तर नोंद चुकली, पेन्शन कमी बसली किंवा बसलीच नाही. आता जायचे कुठे?

कामगाराच्या दृष्टीने कारखाना एक, नोकरी एक, पगारपत्रक एक. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचे दोन तुकडे होतात. पगार, बदली, कामावरून कमी करणे हे तंटे राज्याच्या यंत्रणेकडे. साखर उद्योगाला आपल्याकडे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय ही राज्याची न्यायालये जुन्या कामगारांना चांगली ओळखीची आहेत. ग्रॅच्युइटीचे प्रकरणही राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढेच चालते. पण भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन म्हटली की सगळे केंद्राकडे. कार्यालय केंद्राचे, न्यायाधिकरण केंद्राचे, परिपत्रके दिल्लीची. एकाच दिवशी निवृत्त झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी एका दारात आणि पेन्शनसाठी दुसऱ्या दारात उभे राहावे लागते, आणि ही दोन दारे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

ही कटकट आपल्याच देशात आहे असे समजू नका. अमेरिकेत तर राज्यांची न्यायालये निराळी आणि केंद्राची निराळी, अशी दुहेरी घडी आहे. तिथे १९६३ च्या डिसेंबरात स्टुडबेकर कंपनीने इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड गावचा आपला मोटारीचा कारखाना बंद केला. साठीच्या पुढच्या कामगारांना ठरलेली पेन्शन मिळाली. पण चाळीस ते साठ वयाच्या, दहा-दहा वर्षे घासलेल्या सुमारे चार हजार माणसांच्या पदरात त्यांच्या हक्काच्या जेमतेम पंधरा टक्के पडले आणि त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. या प्रकरणाचा गवगवा होऊन पुढे १९७४ साली तिथे पेन्शनच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. कायदा कामगारासाठीच केलेला. त्यात कामगाराला मुभा आहे की हक्काच्या रकमेसाठी त्याने राज्याच्या न्यायालयात जावे किंवा केंद्राच्या. वाचायला छान वाटते. पण कामगाराने गावच्या न्यायालयात दावा लावला की कंपनी किंवा विमेवाले अर्ज करतात आणि दावा उचलून केंद्रीय न्यायालयात नेतात. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेट्रोपॉलिटन लाइफ विरुद्ध टेलर या प्रकरणात असे हलवणे योग्य ठरवले. दावा राज्याच्या कायद्याखाली मांडला असला तरीसुद्धा! आणि एकदा तिकडे गेला की पदरात पडलीच तर हक्काची रक्कम पडते. छळवणुकीची भरपाई, नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. कंपन्या हा खटाटोप का करतात ते आता वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे राज्याचे न्यायालय आणि केंद्राचे न्यायालय अशी भिंत नाही. खालपासून वरपर्यंत एकच शिडी आहे. पण शिडीच्या कोणत्या पायरीवर, कोणत्या गावी उभे राहायचे हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. निधी कार्यालयाच्या आदेशावर अपील करायला १९९७ साली न्यायाधिकरण स्थापन झाले ते दिल्लीला. विदर्भातल्या आस्थापनेचे अपील असले तरी वाट दिल्लीची. कारखान्याचा वकील विमानाने जाऊ शकतो. बॉयलिंग हाऊसमधला पॅनमन काय करील? २६ मे २०१७ पासून हे काम केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणांकडे आले आणि त्यांपैकी एक नागपूरला आहे. शेगावहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास, गाडी थेट. दिल्लीपेक्षा बरेच म्हणायचे. पण सत्तरीच्या माणसाला तारखेमागून तारखेला नागपूर गाठणे हेही काही पंढरीची वारी नव्हे.

आता वरच्या पायरीवर काय घडले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्याकडचे शेकडो लोक अडकले.

१ सप्टेंबर २०१४ ला योजनेत दुरुस्ती झाली. पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, पण सरासरी काढायची ती शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांची. पगार वाढत जाणाऱ्याला याने तोटा. शिवाय पूर्ण पगारावर पेन्शन हवी असेल तर मालक व कामगार यांचा संयुक्त विकल्प ठराविक मुदतीत द्यायचा. लोक आपापल्या राज्याच्या उच्च न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ ला ही दुरुस्ती रद्द केली. १ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची निधी संघटनेची याचिका फेटाळली. लोकांना वाटले, सुटलो. पण जानेवारी २०२१ मध्ये तोच आदेश मागे घेतला गेला आणि सगळे पुन्हा सुनावणीला लागले. अखेर ४ नोव्हेंबर २०२२ ला सरन्यायाधीश लळित, न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी निकाल दिला. दुरुस्ती बहुतांशी कायम. १ सप्टेंबर २०१४ ला जे नोकरीत होते त्यांना विकल्पासाठी चार महिने आणखी. जे त्याआधी विकल्प न देता निवृत्त झाले त्यांना काही नाही. पुढे ती मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली आणि देशभरातून सतरा लाखांवर अर्ज आले.

या निकालाच्या बऱ्या-वाईटावर माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की कायद्याचा अर्थ संपूर्ण देशाला एक असावा, केरळात एक आणि महाराष्ट्रात दुसरा असे होऊ नये, म्हणून असले प्रश्न वर जाणे मला पटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३९-अ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तोच अधिकार दिला आहे : एकच महत्त्वाचा कायदेप्रश्न अनेक उच्च न्यायालयांत पडून असेल तर ती प्रकरणे स्वतःकडे घ्यायची. पेन्शन फंड देशाचा एकच आहे. त्याचा सातबारा जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा लिहिता येत नाही. पण अमुक माणूस हंगामी होता की नव्हता, त्याने चोवीस हंगाम केले की एकोणीस, त्याच्या जन्मतारखेत शाळेचा दाखला खरा की कारखान्याचे रजिस्टर, हे प्रश्न दिल्लीचे नाहीत. याचा साक्षीदार टाइम ऑफिसमध्ये बसलेला आहे आणि पुरावा आपल्या रेकॉर्डरूममध्ये आहे. कायद्याचा प्रश्न वर न्या, हिशोबाचा प्रश्न खाली ठेवा. बांधावरचा वाद बांधावरच मोजणी करून मिटतो, जमाबंदी आयुक्तांच्या टेबलावर मिटत नाही.

आपल्या जिल्ह्याने या विषयात एक मोठी गोष्ट केली आहे, तीही नोंदवली पाहिजे. या योजनेतल्या पेन्शनरांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे केंद्र बुलढाणा आहे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. मागणी साडेसात हजार रुपये किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायको दोघांना औषधोपचार. २०१४ साली ठरलेले हजार रुपये दहा वर्षे उलटून गेली तरी हजारच होते. हजारात काय येते हे बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या बाईला विचारा. एवढे मोठे आंदोलन मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर बुलढाण्यात का उभे राहिले? मला वाटते, एक कारण हेही असावे की इथल्या माणसाला कोर्टाची वाट लांब पडते. मंडप जवळ पडतो.

पण मंडपाखेरीज जवळचे आणखी एक दार आहे आणि ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. ते म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये शिवकुमार जोशी प्रकरणात सांगितले की भविष्य निर्वाह निधीचा सदस्य हा ग्राहक आहे. २००८ साली भवानी प्रकरणात तेच पेन्शन योजनेलाही लागू केले. म्हणजे निधी कार्यालयाने पेन्शन चुकीची काढली, विनाकारण लांबवली, तर सेवेत त्रुटी म्हणून तक्रार करता येते. २०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. शेगावचा माणूस बुलढाण्याला जाऊन स्वतः उभा राहू शकतो आणि स्वतःचे गाऱ्हाणे स्वतःच्या भाषेत सांगू शकतो. अपिले पुढे राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशी जातात, ते खरे. पण सुरुवात तरी घराजवळ होते आणि माझ्या मते पुरावा जिथे ताजा असतो तिथेच अर्धा निकाल लागतो.

काही सभासद म्हणतील, "हे कामगारांचं आहे, आपल्याला काय त्याचं? आपल्याला उसाचा भाव पाहिजे." एका गटसभेत मला हे ऐकायला मिळाले. त्यांच्यासाठी पुढचा हिशोब.

कारखान्याने वर्गणी वेळेवर भरली नाही तर थकबाकीवर सालाना १२ टक्के व्याज लागते आणि वर दंडात्मक नुकसानी. नुकसानीचा दर जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का ठरला, त्याआधी तो याहून चढा, २५ टक्क्यांपर्यंत जाई. समजा दहा लाख थकले आणि 'अपिलात आहे' म्हणत तीन वर्षे काढली. व्याज ३ लाख ६० हजार, नुकसानी ३ लाख ६० हजार. दहाचे सतरा लाख वीस हजार झाले. दोन लाख टन गाळपाला हा जादा बोजा टनामागे ३ रुपये ६० पैसे. ते कोणाच्या खिशातून जातात? संचालकांच्या नाही, वकिलाच्या तर नाहीच नाही. ऊसबिलातूनच जातात.

आणि बंद पडण्याची वेळ आली तर? विदर्भातल्या सहकारी कारखान्यांची कहाणी मी आपल्याला सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातला दुसरबीडचा जिजामाता कारखाना कसा बंद पडला ते आपण पाहिले आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक विरुद्ध भविष्य निर्वाह निधी आयुक्त हे प्रकरण गेले. वाद साखर कारखान्यांचाच होता. बँक म्हणे, गोदामातली साखर आमच्या मालतारणात आहे. निधी कार्यालय म्हणे, कामगारांचे पैसे आधी. न्यायालयाने सांगितले, निधीची थकबाकी पहिली, तारण साखरेवरसुद्धा, आणि त्यात व्याज व नुकसानीही धरायची. या निकालानंतर कोणतीही बँक मालतारण देताना निधीचा भरणा बघणारच. ज्या कारखान्याचा भरणा चोख, त्याला उचल सुलभ. ज्याला उचल सुलभ, त्याचे पहिले बिल वेळेवर. तेव्हा कामगाराच्या पेन्शनचा आणि आपल्या पहिल्या उचलीचा संबंध नाही असे कृपया म्हणू नका.

जाता जाता ऊसतोड मजुरांचे एक वाक्य लिहितो, नाहीतर लेख अप्रामाणिक होईल. कोयता घेऊन थळात राबणाऱ्या नवरा-बायकोला मुकादमामार्फत आणले जाते आणि त्यांच्या नावावर कुठेच वर्गणी पडत नाही. वर्गणीच नाही तर पेन्शन नाही, पेन्शन नाही तर तंटाही नाही. त्यांच्यापुढे कोणते दार, हा प्रश्नच उभा राहत नाही. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

माझे मत असे आहे की 'तंटा कुठे चालावा' या प्रश्नात कारखान्याने पहिली भूमिका घ्यावी आणि ती कामगाराच्या जवळची असावी. अपील करण्याचा हक्क कारखान्याला आहे, मी तो सोडा म्हणत नाही. कायद्याचा खरा प्रश्न असेल, निधी कार्यालयाने खरोखर जास्तीची मागणी काढली असेल, तर अवश्य जावे. १९५२ च्या कायद्यात अशा अपिलाआधी ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागत, ते उगीच नव्हते. नुसता वेळ काढण्यासाठी कोणी येऊ नये म्हणूनच होते. पण माणूस हंगामी होता की नाही एवढ्याच मुद्द्यावर आपल्याच निवृत्त कामगाराला नागपूर-दिल्ली फिरवणे हे सहकाराला शोभत नाही. "कोर्टात या" म्हणणे सोपे. बाप्पा, पण त्याच्याजवळ तिकिटाचे पैसे असते तर तो पेन्शनसाठी आला असता का?

उलट बाजू मला ठाऊक आहे. एका अनुभवी गृहस्थांनी मला सांगितले, की जिल्ह्याजिल्ह्यात निकाल वेगवेगळे लागले तर कारखान्याने कोणता पाळायचा? प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच नियमाचा अर्थ वर ठरावा असे मी वर म्हटले. पण आपल्या रजिस्टरात नोंद असेल तर मुळात जिल्ह्यातही जायची पाळी येत नाही.

काळही थांबलेला नाही. १९५२ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संहितेत थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. पूर्वी अशी मर्यादा नव्हती. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची चूक निवृत्तीच्या दिवशी कळून उपयोग नाही. हंगामी कामगाराने दर दोन-तीन वर्षांनी आपले खाते तपासले पाहिजे. आणि ते त्याला जमत नसेल, मोबाइलवर आधार जुळत नसेल, नावात 'पांडुरंग'चा 'पांडूरंग' झाला असेल, तर ते कारखान्याने करून दिले पाहिजे.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव मांडावा असे काही सभासदांच्या व माझ्या मनात आहे. हंगामी कामगारांच्या सेवेची हंगामवार यादी, १९९५ पासूनची, टाइम ऑफिस आणि शेतकी विभाग यांनी मिळून तयार करावी. ती यादी गटवार गट ऑफिसच्या फळ्यावर महिनाभर लावावी आणि हरकती घ्याव्यात, जशी उसाच्या नोंदीची यादी आपण लावतो तशीच. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाचा पेन्शनचा हिशोब कारखान्यानेच आधी काढून अकोल्याच्या निधी कार्यालयाशी पडताळून घ्यावा. आणि निवृत्त कामगाराच्या वैयक्तिक पेन्शनच्या प्रकरणात वरच्या न्यायालयात जायचे असेल तर संचालक मंडळाने कारण लिहून तसा ठराव करावा, नुसत्या वकिलाच्या पत्रावर जाऊ नये. यादीचे काम हंगाम सुरू व्हायच्या आत उरकले तर माझ्या विभागाची माणसे मोकळी आहेत. मोळी पडल्यावर कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते हे आपण जाणताच.

ठरावाचा कच्चा मसुदा प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. सभासदांनी वाचून दुरुस्त्या लेखी द्याव्यात. ज्यांच्या घरात हंगामी कामगार आहे त्यांनी जुनी हजेरी कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, बोनसच्या पावत्या जे सापडेल ते सोबत आणावे. १९९५ ते २००० या सालांचे कागद विशेष करून हवे आहेत.